फ्रीज: वर बर्फ जमतोय, खाली दही आंबतंय. खरंच गॅस गेलाय का?

डोंबिवलीची_मंजू · ४ मे, रात्री १०:१५

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईने. घरात अकरा वर्षांचा डबल डोअर, २६० लिटरचा फ्रॉस्ट फ्री फ्रीज आहे. परवापासून खालचा कप्पा गार होत नाही. काल संध्याकाळी आत ठेवलेलं दही आज सकाळी तोंड वाकडं होईल इतकं आंबट. दूध फाटलं, कोथिंबिरीने मान टाकली. पण वर फ्रीझरमध्ये बर्फाचा ट्रे जमतोय! आइस्क्रीम जरा मऊ झालंय, एवढंच.

आज जवळच्या दुकानातून एक मुलगा बघायला आला. दार उघडलं, आत हात घातला, मागे कान लावला आणि म्हणाला, "ताई, गॅस गेलाय. बत्तीसशे होतील, उद्या सिलेंडर घेऊन येतो." पाच मिनिटंसुद्धा थांबला नाही. आमचे हे म्हणतात भरून टाक, मे महिना आहे. सासूबाई म्हणतात नवाच घ्या. मला दोन्ही पटत नाहीये. शिवाय फ्रीझरमध्ये सहा डबे आमरस आहे, त्याचं काय होणार या विचाराने झोप उडाली आहे.

निवांत_नाना · ४ मे, रात्री १०:३२

गॅस. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. भरून टाका आणि आमरस खा.

सायली_कोथरूड · ४ मे, रात्री १०:४०

आधी दाराचं रबर बघ. दारात नोट अडकवून दार लाव आणि ओढ. सहज निघाली तर तिथून हवा जातेय. चारही बाजूंनी करून बघ. आमचं खालच्या कोपऱ्यात सैल झालं होतं. कोमट पाण्याने पुसून, हेअर ड्रायरने थोडं गरम करून बोटांनी पुन्हा आकारात आणलं, नवीन घ्यावं लागलं नाही.

अजून एक विचारते. फ्रीझरच्या आतलं बटण कोणी 'जास्त'वर फिरवलंय का? बऱ्याच डबल डोअरमध्ये ते बटण थंडी वाढवत नाही, फक्त झडप हलवतं. ते जास्तवर नेलं की खाली जाणारी हवा उलट कमी होते. माझ्या भावाने आठ दिवस याच्यावर डोकं फोडून घेतलं होतं.

डोंबिवलीची_मंजू · ४ मे, रात्री १०:५८

नोट घट्ट बसतेय. आणि हो... खाली गार होईना म्हणून परवाच फ्रीझरचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं होतं. 🙈 आत्ता मधोमध आणलं.

पाना_पक्कड · ४ मे, रात्री ११:२०

मंजूताई, उद्या त्या मुलाला सिलेंडर घेऊन येऊ देऊ नका. तीस वर्षं हेच काम केलं, आता गुडघ्यांमुळे बंद आहे, म्हणून इथे बसून बोलतो.

गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे, वापरला म्हणून संपायला. तो बंद नळ्यांत फिरत राहतो, वीस-वीस वर्षं. कमी झालाच तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता वरून भरलेला गॅस पुन्हा जाणार. नुसतं "भरून देतो" म्हणणाऱ्याला "गळती कुठे आहे ते आधी दाखव" एवढंच म्हणायचं. निम्मे जण तिथेच "उद्या येतो" म्हणतात.

आता तुमच्या फ्रीजबद्दल. फ्रॉस्ट फ्री डबल डोअरमध्ये खालच्या कप्प्यात थंडी तयारच होत नाही. थंडीची कॉइल एकच, फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिकच्या पत्र्याआड. तिथला पंखा हवा फेकतो, बरीचशी फ्रीझरमध्ये, उरलेली मागच्या डक्टमधून खाली. कॉइलवर बर्फाचा गठ्ठा बसला की हवा कोंडते. फ्रीझर कॉइलला चिकटून असल्याने तग धरतो, खालचा कप्पा उपाशी मरतो. तुम्ही लिहिलंय ते हुबेहूब असंच आहे.

पण घाई नको, चार गोष्टी बघून सांगा. फ्रीझरचं दार उघडून दाराचा स्विच बोटाने दाबून धरा, पंख्याचा आवाज येतो का आणि कसा येतो? फ्रीझरच्या आत मागच्या पत्र्यावर पांढरा थर आहे का? कॉम्प्रेसर मध्येच थांबतो की दिवसभर चालूच? आणि फ्रीजच्या दोन्ही बाहेरच्या बाजूंना हात लावा, गरम आहेत की नाहीत?

डोंबिवलीची_मंजू · ५ मे, सकाळी ७:०५

काका, सगळं पाहिलं. पंखा चालू आहे पण टर्रर्र असा आवाज येतोय, पत्त्याचं पान सायकलच्या चाकाला लावल्यासारखा. मागच्या पत्र्यावर खालच्या अर्ध्या भागात पांढरा जाड थर आहे. कॉम्प्रेसर रात्री दोनला उठले तेव्हाही चालू, आत्ताही चालूच. बाजू तर चांगल्याच गरम आहेत. हे म्हणत होते की त्यामुळेच बिघडलाय.

पाना_पक्कड · ५ मे, सकाळी ७:३०

बाजू गरम असणं ही चांगली बातमी आहे. हल्ली कन्डेन्सरच्या नळ्या बाजूच्या पत्र्यांत बसवतात, आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. गॅस निघून गेला असता तर कॉम्प्रेसर तासन्‌तास चालूनही बाजू जेमतेम कोमट राहिल्या असत्या. तुमचा गॅस जागेवर आहे. टर्रर्र म्हणजे पंख्याची पाती बर्फाला घासतायत. कॉइल चोकअप आहे.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये बर्फ होतच नाही असा लोकांचा समज आहे. होतो, पण तो वेळच्या वेळी वितळवला जातो. साधारण आठ ते बारा तास चालल्यावर टायमर कॉम्प्रेसर बंद करतो आणि कॉइलखालचा हीटर चालू करतो. वीस-तीस मिनिटांत बर्फाचं पाणी होतं, नळीतून मागे कॉम्प्रेसरवरच्या ताटलीत पडतं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. या साखळीत टायमर, हीटर, बायमेटल (कॉइल तापली की हीटर बंद करणारा स्विच) आणि थर्मल फ्यूज (फारच तापलं तर वीज तोडणारा) असे चार जण आहेत. एकाने जरी दांडी मारली तरी बर्फ साठत जातो. नव्या फ्रीजमध्ये टायमरऐवजी कार्ड आणि सेन्सर असतात, बाकी गोष्ट तीच.

खात्री करायला एक रुपयाही लागत नाही. फ्रीज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, पूर्ण २४ तास. समोर टेबलफॅन लावलात तर उत्तम. खाली जुने टॉवेल पसरा, मागची ताटली भरून वाहील. सुरी, उलथनं, स्क्रू ड्रायव्हर, काही लावायचं नाही. बारा तासांत "वितळलं वाटतं" म्हणून चालू करू नका, पत्र्याआडचा गठ्ठा दिसत नाही.

मग चालू करा. नव्यासारखा थंड झाला तर गॅसचा विषय संपला. पण आठ-पंधरा दिवसांत पुन्हा हेच झालं तर त्या चौघांपैकी एक गेलाय असं समजायचं.

डोंबिवलीची_मंजू · ५ मे, सकाळी ७:४१

बंद केला. आमरसाचे डबे शेजारच्या वहिनींच्या फ्रीझरमध्ये गेले. मुलाला येऊ नको सांगितलं तर म्हणाला, "ताई, नंतर कॉम्प्रेसर उडाला तर मला सांगू नका."

निवांत_नाना · ५ मे, सकाळी ९:१५

पक्कडराव, सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. आमचा गॅस खरोखरच गेला होता, भरल्यावर दोन वर्षं उत्तम चाललाय.

पाना_पक्कड · ५ मे, सकाळी ९:५०

नाना, जातोच की कधीकधी, नाही कुठे म्हटलं. पण तेव्हा तुमचा फ्रीझर चांगला होता का? आठवून सांगा.

निवांत_नाना · ५ मे, सकाळी १०:०२

नाही. बर्फ आधी बंद झाला होता. दोन दिवसांनी खालचंही.

पाना_पक्कड · ५ मे, सकाळी १०:२०

हाच तो फरक. गॅस कमी झाला की वर-खाली दोन्ही ढेपाळतात आणि आधी फ्रीझरला कळतं. पत्रा उघडून पाहिलं तर कॉइलच्या पहिल्या दोन-चार वेटोळ्यांवरच दव असतं, पुढची कॉइल कोरडी. चोकअपमध्ये उलट, सगळी कॉइल बर्फात गाडलेली. डोळ्यांनी दिसतं हो, फक्त चार स्क्रू काढायचा कंटाळा नको.

तुमच्याकडे काम करणाऱ्याने सांधा शोधून जोडला असेल, फिल्टर बदलला असेल, व्हॅक्यूम मारला असेल, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढली असेल, मग वजन करून गॅस भरला असेल. म्हणून दोन वर्षं टिकला. अंदाजाने फुस्सकन भरून जाणाऱ्याचा सहा महिन्यांत पुन्हा फोन येतो.

गुहागरचा_बाळ्या · ५ मे, दुपारी १:१०

उलथनं लावू नका म्हणालात म्हणून सांगतो. आमच्याकडे सिंगल डोअर. आईने मागच्या गणपतीत नारळ ठेवायला जागा हवी म्हणून फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडला. फुस्स आवाज आला, दोन मिनिटांत सगळं शांत. गणपतीत फ्रीज बंद, घरात पंचवीस माणसं. आई आजही म्हणते, "मी हळूच लावली होती."

पाना_पक्कड · ५ मे, दुपारी १:४५

सिंगल डोअरचा फ्रीझर म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे, त्यांच्यामध्येच गॅसची वाट. सुरीचं टोक पुरतं. तिथे थर्मोस्टॅटच्या मधोमध डीफ्रॉस्टचं बटण असतं, बर्फ पाच-सहा मिलिमीटर झाला की रात्री झोपताना दाबायचं. ते दाबायला इतका आळस का करतात लोक, मला कळलेलं नाही.

आणि एक गंभीर गोष्ट. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा चुलतभाऊ. असतो थोडा, पन्नास-एक ग्रॅम, पण पेटतो. शिवाय याला वास नसतो. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात, यात नाही. असं फुस्स झालं तर खिडक्या उघडा, शेगडी पेटवू नका, त्या खोलीतली बटणं खालीवर करू नका, थोडा वेळ बाहेर थांबा. मागच्या पाटीवर गॅसचं नाव लिहिलेलं असतं. आर-१३४ए असेल तर तो पेटत नाही. आर-६००ए च्या फ्रीजवर आतला गॅस न काढता कोणी ब्लो टॉर्च पेटवायला लागला तर त्याला हाताला धरून बाहेर काढा.

संत्रानगरी · ५ मे, दुपारी ३:३०

नागपूरहून. आमचा तर दुपारी साफच मान टाकते. कट्ट असा आवाज, थोडं गुणगुणते, परत कट्ट. दर पाच-सात मिनिटांनी. रात्री अकरानंतर आपोआप बरा होते. बाहेर पंचेचाळीस आहे. बायको म्हणते फ्रीजलाही ऊन लागलं.

पाना_पक्कड · ५ मे, दुपारी ४:१०

वहिनी बरोबर म्हणतात. फ्रीजवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. आपल्याकडे चालतो तो 'टी', म्हणजे ट्रॉपिकल, आणि तो १६ ते ४३ अंशांसाठी असतो. पंचेचाळीस म्हणजे तो हद्दीबाहेर काम करतोय. कुठे ठेवलाय? भिंतीपासून किती लांब?

कट्ट म्हणजे कॉम्प्रेसरला वाचवणारा ओव्हरलोड स्विच पडतोय, कॉम्प्रेसर उठायला जातो आणि उठत नाही. दुपारी एसी-कूलर सगळ्यांचे चालू, व्होल्टेज पडलेलं असणार, रात्री ते वर येतं. मीटर लावून बघा. दिवसभर असंच राहिलं तर रिले, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू करणारा भाग, बघायचा. काढून कानाशी हलवला आणि आत खडखडला तर गेला. स्वस्तातला भाग आहे, पण त्याच्या नावाखाली "कॉम्प्रेसर जॅम" सांगून चार-पाच हजार उकळल्याचे किस्से मी या डोळ्यांनी पाहिलेत.

संत्रानगरी · ६ मे, सकाळी ८:२०

काका, पश्चिमेच्या भिंतीला चिकटून होता, वर पोळ्यांचा डबा, टोपल्या, सगळा संसार. दुपारी व्होल्टेज १७२! स्टॅबिलायझर होता, पण तो टीव्हीला लावला होता. 😄 आता फ्रीजला लावला, फ्रीज वीतभर पुढे ओढला, वरचं सगळं काढलं. आणि पोरं दर तासाला बारा बाटल्या भरून ठेवत, त्यांना सांगितलं माठ आहे, माठातलं प्या. काल पूर्ण दुपार चालला.

पाना_पक्कड · ६ मे, सकाळी ८:३५

स्टॅबिलायझर लाइट आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून मग चालू करतो ना, बघून घ्या. लाइट गेली-आली की कॉम्प्रेसरला लगेच उठवायचं नाही. दोन्हीकडचा दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो, नाहीतर पुन्हा कट्ट.

एडिसनची_माऊ · ६ मे, सकाळी ९:१५

धाग्यात घुसते आहे, माफ करा. न्यू जर्सीहून. आमच्या फ्रेंच डोअरचा आइस मेकर रुसलाय. आधी खडे लहान यायला लागले, मग आतून पोकळ, आता चार दिवस काहीच नाही. फ्रीज बाकी ठणठणीत. शनिवारी वीस जण पन्ह्याला येणार आहेत, आणि इथे माणूस नुसता बघायला आला तरी शंभरावर डॉलर घेतो.

पाना_पक्कड · ६ मे, सकाळी ९:४०

ताई, आइस मेकर माझ्या हाताखालून फारसे गेले नाहीत. आपल्याकडे ट्रे पिळायची पद्धत. कोणी तिकडचं असेल तर बोला.

शिकागो_गारठा · ६ मे, सकाळी १०:०५

माऊ, आधी हास्यास्पद प्रश्न: आइस मेकरच्या बाजूची तार वर अडकलेली नाही ना? ती वर असली की यंत्र समजतं डबा भरलाय. आमच्याकडे मटाराच्या पिशवीने ती तीन आठवडे वर धरली होती.

तसं नसेल तर तुझी लक्षणं पाणी कमी पडण्याची आहेत. साचा अर्धाच भरतो म्हणून खडा लहान आणि पोकळ. पाण्याचा फिल्टर कधी बदलला होतास? आणि पाण्याची लाइन कुठून घेतली आहे?

एडिसनची_माऊ · ६ मे, संध्याकाळी ५:२०

तार खाली आहे. फिल्टर... घर घेतल्यापासून नाही. दोन वर्षं झाली. लाइन सिंकखालच्या आरओला जोडली आहे, नवऱ्याने स्वतः केलं, त्याचा त्याला फार अभिमान आहे.

शिकागो_गारठा · ६ मे, संध्याकाळी ५:५०

सापडला चोर. दोन चोर. फिल्टर सहा महिन्यांनी बदलायचा असतो. आणि आइस मेकरच्या व्हॉल्व्हला किमान २० पीएसआय (दाबाचं माप) दाब लागतो, काही फ्रीजना त्याहून जास्त. आरओच्या टाकीत पाणी कमी झालं की दाब पडतो. वर तुझं पाणी दोनदा गाळलं जातंय, आधी आरओत, मग चोंदलेल्या फिल्टरमध्ये.

दाब कमी असला की आणखी एक होतं: व्हॉल्व्ह पक्का मिटत नाही, थेंब थेंब गळत राहतो आणि ते थेंब भरण्याच्या नळीतच गोठतात. तुझं गेल्या चार दिवसांचं बहुतेक हेच आहे. आइस मेकरच्या वर मागून येणारी नळी बघ, बर्फाचा बूच दिसेल. औषधाच्या सिरिंजने कोमट पाणी सोड, खाली टॉवेल धर. फ्रीजचा फिल्टर काढून तिथे बायपासचा प्लग लाव, आरओ असताना त्याची गरज नाही. फ्रीझर शून्य फॅरनहाइटला, म्हणजे उणे १८ सेल्सियसला ठेव. तापमान दहा फॅरनहाइटच्या वर गेलं तर खडे पुरेसे गोठले हे यंत्राला कळतच नाही आणि ते पाडत नाही.

पहिले दोन-तीन घाणे फेकून दे. आणि शनिवारसाठी आजपासून साठव, दिवसाला दीड-दोन किलोच्या वर अपेक्षा नको.

एडिसनची_माऊ · ७ मे, सकाळी ७:३०

बूच होता! करंगळीएवढा! रात्री दहाला पहिले खडे पडले, आवाज ऐकून आम्ही दोघं पळत गेलो. आरओचं कसं करायचं यावर चर्चा सुरू आहे, नवरा माघार घ्यायला तयार नाही.

लगे हात विचारते. गॅरेजमधल्या दुसऱ्या फ्रीजमध्ये जानेवारीत फ्रीझर वितळला, सगळे बांगडे वाया गेले. बाहेर बर्फ पडत असताना फ्रीझर कसा वितळतो?

शिकागो_गारठा · ७ मे, सकाळी ८:००

थर्मोस्टॅट खालच्या कप्प्यात असतो. गॅरेजच दोन-तीन अंशांवर आलं की त्याला वाटतं झालं काम, आणि तो कॉम्प्रेसरला हाकच मारत नाही. खालच्या दुधाचं काही बिघडत नाही, पण फ्रीझरला उणे १८ हवेत, तो हळूहळू वर येत वितळतो. नागपूरकरांचा प्रश्न उलटा करून. हिवाळ्यात तिथे मासे ठेवू नकोस, किंवा गॅरेजसाठीचा वेगळा फ्रीझर घे.

देवरुखकर · ७ मे, रात्री ९:२५

पक्कड काका, आमचं भूत बघा. घरातला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) दिवसातून दोनदा पडतो. वेळ ठरलेली नाही, पण साधारण दहा-अकरा तासांनी. लाइटवाल्याने दोनदा ईएलसीबी बदलला, आता म्हणतो, "तो काढूनच टाकू." फ्रीज उत्तम थंड आहे, म्हणजे त्याचा संबंध नसावा.

पाना_पक्कड · ७ मे, रात्री ९:४५

काढू नका! कृपा करून काढू नका.

दहा-अकरा तासांनी म्हणजे कोण जागं होतं हे वर लिहिलंय. डीफ्रॉस्टचा हीटर. त्याला चीर गेली, आत ओल शिरली की तो चालू होताक्षणी करंट अंगावर, म्हणजे पत्र्यावर सोडतो. ईएलसीबी ते ओळखून पडतो, त्याचं काम चोख करतोय. तो काढलात आणि अर्थिंगही धड नसलं तर ओल्या हाताने दार उघडणाऱ्याला झटका बसेल. फ्रीजचा प्लग एक दिवस काढून ठेवा. दिवसभर पडला नाही तर हीटर बदला. फ्रीज अजून थंड आहे, पण डीफ्रॉस्ट दर वेळी अर्धवट राहतंय, महिनाभरात तुम्हीही मंजूताईंच्या रांगेत याल.

देवरुखकर · ८ मे, रात्री ८:१०

काल रात्रीपासून प्लग काढलाय. एकदाही पडला नाही. लाइटवाल्याला काय सांगू?

पाना_पक्कड · ८ मे, रात्री ८:१५

त्याला चहा पाजा आणि अर्थिंग तपासायला सांगा.

डोंबिवलीची_मंजू · ८ मे, रात्री ९:३०

काका!! सहा तारखेला चालू केला. मागच्या ताटलीतून बादलीभर नसलं तरी दोन पातेली पाणी निघालं. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर मधल्या फळीवर ठेवला होता, सकाळी ४ अंश. टर्रर्र बंद. कॉम्प्रेसर मध्ये मध्ये थांबतोय. गॅस न भरता! हे आता सगळ्यांना "आमच्या हिने दुरुस्त केला" सांगत फिरतायत.

पाना_पक्कड · ८ मे, रात्री ९:४०

अभिनंदन, पण अजून दुरुस्त झालेला नाही. नुसता बर्फ काढलाय. आमरस शेजारीच राहू द्या.

सायली_कोथरूड · ८ मे, रात्री १०:०५

माझाही एक छोटा प्रश्न. थंड होतंय, पण भाज्यांच्या ट्रेखाली रोज वाटीभर पाणी.

पाना_पक्कड · ८ मे, रात्री १०:१०

डीफ्रॉस्टच्या पाण्याचं भोक बुजलंय. भाजीचा पाचोळा, नाहीतर बर्फाचा खडा. मागच्या भिंतीवर खाली दिसत असेल तर मऊ स्ट्रॉ घाला आणि कोमट पाणी सोडा. मागच्या ताटलीत पडल्याचा आवाज आला की झालं. टाचणी-खिळा नको.

डोंबिवलीची_मंजू · १७ मे, सकाळी ८:५०

आला परत. टर्रर्र. खालचं दूध आज कोमट. बरोबर अकराव्या दिवशी. तुमच्या तोंडात साखर पडो म्हणू की काय म्हणू?

ओळखीतून एक वयस्कर मेकॅनिक मिळालेत. त्यांनी पत्रा खोलला, कॉइल पूर्ण बर्फात. मीटर लावला, हीटर ३४० ओहम, म्हणाले हीटर ठीक. टायमर बदलला, साडेचारशे घेतले. आता वितळवून पुन्हा चालू केलाय.

पाना_पक्कड · १७ मे, सकाळी ९:२०

हीटर ठीकच आहे. दीडशे वॅटच्या हीटरचा साधारण तेवढाच येतो. पण टायमर गेल्याची खात्री कशी केली त्यांनी? टायमरच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून हाताने डीफ्रॉस्टवर फिरवायचा. टक् होतं, कॉम्प्रेसर थांबतो. त्या वेळी हीटरच्या वायरला क्लँप मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) लावायचा. दीडशे वॅटला अर्ध्या अँपिअरहून थोडा जास्त करंट दिसला पाहिजे. शून्य दिसला तर टायमर नव्हे, पुढचा कोणीतरी तुटलाय.

आणि बायमेटल बाहेर काढून टेबलावर तपासू देऊ नका. ते गार असतानाच जोडलेलं असतं, खोलीच्या तापमानाला ते उघडंच दिसणार. चांगला बायमेटल फेकून देणारे याच चुकीने फेकतात. दुसऱ्याच्या फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवून मग मीटर लावायचा. शेजारच्या वहिनी आहेतच.

डोंबिवलीची_मंजू · १८ मे, रात्री ९:१५

त्यांना फोनवर तुमचा निरोप वाचून दाखवला. आधी गप्प राहिले. मग म्हणाले, "कोण आहेत हे? येतो उद्या."

आज आले. फ्रीज एक दिवस चालल्यामुळे कॉइल गार होती, टायमर फिरवला, टक् झालं, मीटरवर शून्य. बायमेटल जागेवरच, गार असताना तपासला: जोडलेला, ठीक. थर्मल फ्यूज तुटलेला! बोटाच्या पेराएवढा, पांढऱ्या वायरचा. हीटरपर्यंत वीजच जात नव्हती. नवा घातला, टायमर पुन्हा फिरवला, ०.६ अँपिअर. दहा मिनिटांत पत्र्याआड टपटप आवाज सुरू. मी कान लावून ऐकत बसले होते.

फ्यूजचे एकशे ऐंशी, मजुरी तीनशे. टायमरचे साडेचारशे त्यांनी स्वतःहून परत दिले आणि जुना टायमर बसवून नवा घेऊन गेले. जाताना म्हणाले, "त्या काकांना नमस्कार सांगा."

पाना_पक्कड · १८ मे, रात्री ९:३०

टायमरचे पैसे परत देणारा माणूस! त्यांचा नंबर जपून ठेवा. फ्यूज उगाच तुटत नाही, कधीतरी हीटर जास्त वेळ चालू राहिला असेल, बायमेटल उशिरा उघडलं असेल. महिन्याभरात पुन्हा तुटला तर या वेळी बायमेटल बदला, फ्यूज थेट जोडून टाकायला कोणी सांगितलं तरी ऐकू नका. आग लागू नये म्हणूनच तो तिथे आहे.

निवांत_नाना · १८ मे, रात्री ९:५२

मी पहिल्या दिवशी गॅस म्हणालो होतो, ते मागे घेतो. आमरस परत आला का?

डोंबिवलीची_मंजू · ३० मे, सकाळी १०:२०

बारावा दिवस. ४ अंश, आवाज नाही, कोथिंबीर ताठ. म्हणून आज डबे आणायला गेले. सहा दिले होते, तीन मिळाले. वहिनी म्हणाल्या, "पाहुणे आले होते गं. आणि फ्रीज पुन्हा बिघडला तर संकोच करू नकोस हं, पुढच्या वेळी आठ डबे ठेव."